सायकल मार्गाचं माप ट्राइकवरून ठरवा: चर्चा (प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तीनचाकी

रिकम्बंट म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल. तिच्या तीन चाकांच्या प्रकाराला ट्राइक म्हणतात. पुण्यात त्या अगदी तुरळक दिसतात. ज्यांचा तोल जातो, ज्यांच्या मानेला, मनगटाला किंवा कमरेला साध्या सायकलीवरचा बाक सोसत नाही, त्यांच्यासाठी ही गाडी शर्यतीची हौस नाही, रोजच्या कामाला जायचं साधन आहे. पायात ताकद नसेल तर हाताने पॅडल मारायची हँडसायकल असते, तीही याच कुळातली.

1933 मध्ये फ्रान्सिस फॉर या फ्रेंच सायकलपटूने शार्ल मोशे या फ्रेंच निर्मात्याच्या रिकम्बंटवर तासाभरात 45.055 किमी अंतर कापून विक्रम केला आणि 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी केली की रिकम्बंट बाद झाली. तेव्हापासून 'सायकल' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच आकृती येते. मार्ग आखणाऱ्यांच्याही.

माझं म्हणणं असं: पुण्यात यापुढे जो सायकल मार्ग होईल किंवा दुरुस्त होईल, त्याचं माप ट्राइकवरून घ्या. रुंदी 80 सेंमी, लांबी 2 मीटर, वळायला साधारण 5 मीटर व्यासाची जागा. एवढी गाडी जिथून निघेल तिथून व्हीलचेअर निघेल, मालाची सायकल निघेल, मागे पोराची गाडी जोडलेली सायकलही निघेल. आज बोलार्डमधली (गाड्या अडवायला पुरलेल्या खांबांमधली) फट, आडव्या नळ्यांचं झिगझॅग फाटक आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी होणारा चढउतार, या तीन ठिकाणी ट्राइक अडते. तिन्हीचा उपाय खर्चिक नाही.

पौडफाटा

विरोध नोंदवतो. दोन कारणं.

पहिलं, टॅडपोल ट्राइकची (पुढे दोन, मागे एक चाक) सीट जमिनीपासून 20 ते 30 सेंमीवर असते. बसलेल्याचं डोकं मीटरभर उंचीवर येतं. उभ्या एसयूव्हीचं बॉनेटही साधारण तेवढंच असतं. नगर रस्त्यावर किंवा सिंहगड रस्त्यावर दोन गाड्यांच्या मधून ती बाहेर आली तर कुणाला दिसणार? लोकांना अशी गाडी घ्यायला सांगणं मला जबाबदारीचं वाटत नाही.

दुसरं, बोलार्डमधली फट वाढवली की त्यातून स्कूटर घुसते. अ‍ॅक्टिव्हाची रुंदी 70 सेंमीच्या आसपास. 80 सेंमीची ट्राइक सोडायची तर शेजारी 10-10 सेंमी मोकळं हवं, म्हणजे 1 मीटर. त्यातून बुलेटसुद्धा आरामात जाते. सध्या जे थोडे मार्ग चालू आहेत तेही दुचाक्यांच्या हवाली होतील.

तीनचाकी

दुसऱ्या मुद्द्यातलं गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो आहे. व्हीलचेअरला कमीत कमी 90 सेंमी मोकळी फट लागते. रस्ते सुगम हवेत हे अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये लिहिलेलं आहे. तेव्हा 70 सेंमीची फट तुम्ही तशीही ठेवू शकत नाही. म्हणजेच बोलार्डने स्कूटर अडवणं कधीच शक्य नव्हतं. जिथे अडवली आहे तिथे व्हीलचेअरही अडवली आहे.

बोलार्डचं काम चारचाकी आणि रिक्षा अडवण्याचं. रिक्षा 1.3 मीटर रुंद असते. बोलार्डच्या आतल्या कडा 1.2 मीटरवर ठेवल्या तर रिक्षा, टेम्पो, मोटार तिन्ही बाहेर राहतात आणि ट्राइकला दोन्ही बाजूंनी 20 सेंमी मिळतात. अंतर आतल्या कडेपासून मोजायचं, मध्यापासून नाही. ठेकेदार मध्यापासून 1.2 मीटर मोजून 15-20 सेंमी जाडीचे खांब पुरतात आणि हातात एक मीटर उरतो. बोलार्डची ओळ चौकाच्या कडेपासून दोन-अडीच मीटर आत घ्यावी, म्हणजे ट्राइक सरळ होऊन मग फटीत शिरते. वळता वळता शिरावं लागलं तर मागचं चाक आतल्या बाजूने कापतं आणि खांबाला घासतं.

झिगझॅग फाटकं मात्र काढूनच टाकावीत. दोन मीटर लांबीच्या गाडीला त्यात वळताच येत नाही आणि ट्राइकवाल्याला उतरून गाडी उचलायला सांगणं म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याला चाल म्हणण्यासारखं आहे.

गिअरवाला

दिसण्याच्या मुद्द्यावर पौडफाटा यांच्याशी अर्धा सहमत. चूक ट्राइक निवडण्यात नसते, ती कशी सजवली यात असते. बाजारातून आलेली ट्राइक जशीच्या तशी पुण्याच्या रस्त्यावर काढू नये.

झेंडा: सोबत येणारी दांडी बहुधा दीड मीटरची असते आणि ती इथे निरुपयोगी आहे. एसयूव्हीचं छतच 1.6 ते 1.7 मीटरवर असतं. फायबरग्लासची दांडी घ्या, झेंड्याचं टोक जमिनीपासून 2 मीटरवर येईल इतकी. ती सीटच्या मागे घट्ट बसवा आणि कापड हलतं ठेवा, कारण स्थिर रंग रस्त्यावरच्या फलकांत मिसळून जातो. मागे दोन लाल दिवे, एक स्थिर, एक लुकलुकणारा, दिवसासुद्धा चालू. पुढच्या दोन चाकांच्या मडगार्डवर बाहेरच्या कडेला परावर्तक पट्टी लावा. मधोमध एकच दिवा असेल तर अंधारात मागच्याला ती साधी सायकल वाटते आणि तो तितकीच जागा सोडतो. आरसे दोन्ही बाजूंना, बहिर्गोल. रेलून बसलेल्याला मान वळवून मागचं दिसत नाही, म्हणून आरशाशिवाय ट्राइक चालवूच नये.

पाय: याबद्दल कुणी बोलत नाही आणि मला सर्वांत जास्त भीती याची वाटते. खड्ड्यात आदळून पाय पॅडलवरून सुटला तर टाच जमिनीला टेकते, गाडी पुढे जातच असते आणि फ्रेमची आडवी नळी पायावरून जाते. घोटा मोडतो. उपाय म्हणजे क्लीटवाले (तळाच्या खाचेने पॅडलला अडकणारे) बूट किंवा टाचेला कप आणि वर पट्टा असलेलं पॅडल. ट्राइकवर थांबताना पाय टेकावा लागत नाही, त्यामुळे पाय बांधलेला असणं इथे अडचणीचं नाही.

ब्रेक: पुढची दोन चाकं स्वतंत्र लिव्हरवर असतील तर एकच दाबला की गाडी त्या बाजूला ओढते. दोन्ही केबलचा ताण सारखा करून घ्या. पावसाळ्यातल्या चिखलात उघड्या डिस्कचे पॅड लवकर झिजतात, बंद ड्रम टिकतो. पण 70 मिमीचा ड्रम सिंहगडाच्या घाटउतारावर तापून सुस्त होतो, तिथे 90 मिमीचा लागतो. लिव्हर दाबून अडकवायचं कुलूप हवंच, नाहीतर चढाच्या सिग्नलला सतत ब्रेक धरून बसावं लागतं आणि उतरताना गाडी सरकते.

पौडफाटा

2 मीटरच्या झेंड्याचं पटलं. तरी सीट इतकी खाली कशाला? डेल्टा (पुढे एक, मागे दोन चाकं) घ्या. तिची सीट 40 ते 50 सेंमीवर असते, नजर मोटारचालकाच्या नजरेच्या जवळपास येते. गुडघ्याचं दुखणं असलेल्याला 25 सेंमीवरून उठणं ही रोजची शिक्षा आहे, खुर्चीच्या उंचीवरून उठणं सोपं. तुम्ही ज्यांच्यासाठी हे सगळं मांडता आहात त्यांना टॅडपोल सुचवणं मला विसंगत वाटतं. शिवाय पाऊस बघा. रस्त्यावर वीतभर पाणी साचलं की टॅडपोलच्या सीटलाच पाणी लागतं, आणि अशा पाण्यातून गेल्यावर हबचं बेअरिंग उघडून ग्रीस बदलावं लागतं.

गिअरवाला

उठण्याबसण्याचा मुद्दा खरा आहे. ज्येष्ठांना मीही डेल्टाच सुचवेन. फक्त तिच्या मर्यादा सांगून. वेगात वळलं की डेल्टा आतलं मागचं चाक उचलते, चांदणी चौकाच्या उतारावर ती सावकाशच न्यावी. तरुण माणसाला रोज 15-20 किमी जायचं असेल तर टॅडपोल जास्त स्थिर. गतिरोधकाचाही फरक पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच असतो. मीटरभर अंतराच्या चाकांमध्ये तो सेंमीपेक्षाही कमी वर येतो, कुठलीही ट्राइक आरामात जाते. पण सोसायट्यांनी स्वतः घातलेले 30-40 सेंमी रुंदीचे आणि 8-10 सेंमी उंचीचे उंचवटे चाकांच्या मधोमध येतात आणि टॅडपोलची खालची पुली व चेन त्यांवर घासते.

मागचं चाक 20 इंची असेल तर लांब पिंजऱ्याचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) जमिनीपासून जेमतेम 5-6 सेंमीवर लोंबतो. आखूड पिंजरा घ्या, नाहीतर हबमधले गिअर घ्या. 26 इंची मागचं चाक हाही उपाय आहे, पण मग चढाचा गिअर जड होतो (गिअरचं माप म्हणजे चाकाचा व्यास गुणिले पुढचे दात भागिले मागचे दात, आकडा लहान तितका गिअर हलका): पुढे 30, मागे 34 दाती असताना 20 इंची चाकावर 17.6 इंच येतो, 26 इंचीवर 22.9. रेलून बसल्यावर पॅडलवर उभं राहता येत नाही, म्हणून कात्रजच्या जुन्या घाटाला 18-20 इंचाचा गिअर हाताशी असायलाच हवा. तो नसला की लोक गुडघ्याने जोर लावतात आणि ज्या दुखण्यापायी ट्राइक घेतली तेच वाढतं.

मुठाकाठ

गिअरवाला, टायरचं थोडं मी जोडतो, कारण इथेच नवखे फसतात. 20 इंची म्हणून दोन वेगळी मापं विकली जातात, 406 आणि 451 (रिमचा व्यास, मिमीमध्ये). टायरच्या बाजूला छापलेला आकडा बघूनच घ्या (उदाहरणार्थ 40-406). पोरांच्या सायकलींमुळे 406 ची ट्यूब गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडेही मिळते, 451 साठी फिरावं लागतं. आणि टो-इन, म्हणजे पुढची दोन चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं, तपासा. माणूस सीटवर बसवून, हबच्या उंचीवर, दोन पुढच्या रिममधलं अंतर समोरून आणि मागून मोजा. समोरचं 1-2 मिमी कमी असावं. त्याहून जास्त फरक असेल तर टायर घासत चालतो आणि काहीशे किलोमीटरमध्येच त्याचं रबर सोलून निघतं. लोक मग टायरच्या कंपनीला दोष देतात.

पण मूळ मागणीला माझा विरोध आहे आणि तो पौडफाटा यांच्यापेक्षा वेगळा आहे. 2006 साली कात्रज ते हडपसर बीआरटीसोबत (बससाठी राखीव मार्गासोबत) सायकल मार्ग झाले, 2017 मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर मापं आधीही चांगलीच होती. मार्ग बंद पडतात ते सलग नसल्यामुळे, मध्येच डीपी बॉक्स (विजेची पेटी), झाड, बसथांबा आणि पार्किंग येत असल्यामुळे. ट्राइकचा आग्रह धरला तर 'एवढी रुंदी इथे बसत नाही' हे कारण मिळेल आणि मार्गच होणार नाही. साध्या सायकलीवर शाळेत जाणाऱ्या मुलीला दीड मीटरचा सलग मार्ग द्या, तो आधी.

तीनचाकी

दीड मीटरमध्ये ती मुलगी कुणालाच ओलांडू शकणार नाही. ट्राइक 80 सेंमी, शेजारून साधी सायकल 65 सेंमी, दोन्ही कडांना आणि मध्ये 25-25 सेंमी, बेरीज 2.2 मीटर. ट्राइकच्या जागी दोन मुली शेजारी शेजारी धरल्या तरी दोन मीटर होतातच. म्हणजे ट्राइकसाठी जादा मागणं फक्त वीतभर आहे.

सलगतेबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, आणि ट्राइकचं माप तिथेच उपयोगी पडतं. झाड किंवा डीपी बॉक्स आला की साध्या सायकलीचा माणूस 60 सेंमीतून कसाबसा जातो, त्यामुळे तपासणी करणारा 'मार्ग चालू आहे' असं लिहून मोकळा होतो. ट्राइक तिथे थांबते आणि मार्ग तुटला आहे हे लपत नाही. गेटपाशीही तेच. मार्ग खाली उतरवण्याऐवजी तो सपाट पुढे न्यावा आणि मोटारीने चढून उतरावं. आज उलट आहे: दर 30-40 मीटरवर सायकल खाली-वर होते आणि उतार आडवा असला की ट्राइकची एक बाजू कलते.

मुठाकाठ

सपाट नेण्याला माझा पाठिंबा. पण पेव्हर ब्लॉक नकोत, डांबर किंवा सलग काँक्रीट हवं. लहान चाकाला ब्लॉकच्या सांध्यांचा हादरा जास्त बसतो, आणि खालची वाळू वाहून गेली की ब्लॉक खचतात. साधा सायकलवाला खड्डा चुकवतो. ट्राइकची तीन चाकं तीन वेगळ्या रेषांवर चालतात, एक चुकवलं तर दुसरं पडतं. चेंबरच्या जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या फटीत 40 मिमीचा टायर थेट आत जातो. रुंदीबाबत मात्र मी माझ्या मतावर आहे. पेठांमध्ये 2.2 मीटर मिळणार नाहीत.

पौडफाटा

पेठांमध्ये वेगळा मार्ग मागूच नये. तिथे गाड्यांचा वेग ताशी 20 किमीवर आणावा आणि सगळ्यांनी एकत्र चालावं. आणि तिथे ट्राइकवाल्यांनी कडेच्या गटारीला चिकटून जाऊ नये, लेनच्या मध्यावर राहावं. सिग्नलला पीएमपीच्या बसपुढे उभं राहायची वेळ आली तर तीन-चार मीटर पुढे थांबावं, अगदी नाकाखाली थांबलं तर चालकाला झेंडाही दिसत नाही.

तीनचाकी

मान्य. मग मागणी अशी लिहू: मुख्य रस्त्यांवर 2.2 मीटर, पेठांमध्ये वेगमर्यादा, आणि बोलार्डची 1.2 मीटरची आतली फट दोन्हीकडे. मुठाकाठ, जाळीच्या फटीचा मुद्दा तुम्ही लिहून द्या.