शाओलिनचं कुंग फू: परंपरा की नंतर रचलेला खेळ?

पाऊलवाट:
चीनमधल्या शाओलिन या बौद्ध मठाच्या भिक्षूंचे प्रयोग बघून 'पंधराशे वर्षांची विद्या' म्हणतात, ते मला पटत नाही. मठ इ.स. ४९५चा, हे मान्य. पण भारतातून गेलेल्या बोधिधर्म या भिक्षूने तिथे व्यायाम शिकवला ही कथा ज्या 'यिजिन जिंग'वर उभी आहे, तो ग्रंथ १६२४चा. आपल्याकडे मात्र 'कुंग फू भारतातूनच गेलं' म्हणून हीच कथा अभिमानाने सांगतात. १९२८मध्ये शी योउसान या लष्करी सरदाराच्या सैन्याने मठ पेटवला. चाळीस दिवसांहून जास्त जळत होता, ग्रंथालय गेलं. १९५०च्या दशकात सरकारी क्रीडा खात्याने गुणांवर चालणारं वुशू, म्हणजे चिनी युद्धकलेचा स्पर्धेतला खेळ, बसवलं. १९८२च्या ज्या चित्रपटामुळे मठाकडे लोटच्या लोट वळले, त्याचा नायक जेट ली बीजिंगचा वुशू विजेता होता, भिक्षू नव्हे. मग आज दिसतं ते नक्की कोणाचं?

लाठीकाठी:
बोधिधर्माबाबत सहमत, पुढे अजिबात नाही. मठातल्या ७२८च्या शिलालेखावर, पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनला ६२१च्या लढाईत साथ देणाऱ्या १३ भिक्षूंची नावं आहेत. सहस्रबुद्ध दालनात जाऊन खाली बघा. विटांच्या जमिनीत ओळीने खळगे पडलेत, पिढ्यान्‌पिढ्या पाय आपटून. ते काय चित्रपटवाल्यांनी खणले?

पाऊलवाट:
१३ भिक्षू कोणत्या डावांनी लढले, याबद्दल त्या शिलालेखात अक्षर नाही.

लाठीकाठी:
मग काठीचं बोला, तिचे पुरावे आहेत. सोळाव्या शतकात मिंग राजवटीचा सेनापती यू दायो मठात गेला, भिक्षूंची काठी पाहिली आणि जुनं मर्म हरवलंय असं स्पष्ट सांगितलं. दोन तरुण भिक्षूंना सोबत दक्षिणेत नेलं, तीन वर्षं शिकवलं आणि परत धाडलं. म्हणजे 'अस्सल राहिलं नाही' ही तक्रार साडेचारशे वर्षं जुनी आहे, आणि विद्या बाहेरून येऊन पुन्हा मठात रुजली. मला यातच परंपरा दिसते.

आखाडा:
मी मर्दानी खेळ शिकतो. मिरवणुकीत फिरवायची लाठी वेगळी आणि अंगावर आलेला वार अडवायची वेगळी, हे वस्तादांनी पहिल्याच महिन्यात मनगटावर फटका देऊन शिकवलं. वय किती ते सोडा. समोर जोडीदार आहे का, एवढं मी बघतो.

पाऊलवाट:
हा निकष मला मान्य. मठाच्याच बाईयी दालनातल्या एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिचित्रात भिक्षू जोडीजोडीने भिडलेत. परदेशी रंगमंचावर ते दाखवा, पोटावर भाल्याचं टोक टेकवणं नको.