मदत हवी आहे: पाचवी नर्व्ह (ट्रायजेमिनल, चेहऱ्याची संवेदना आणि चावायचे स्नायू हिचे) तपासताना कॉर्नियल रिफ्लेक्सचा (कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कापूस लागला की डोळे मिटणे) अर्थ कसा लावायचा?

नमस्कार मंडळी, मी एमबीबीएस फायनल इयरला आहे, सध्या मेडिसिनची पोस्टिंग चालू आहे. वॉर्डात एक मावशी अ‍ॅडमिट आहेत, त्यांच्यावरून माझा आणि पोस्टिंगमधल्या मैत्रिणीचा वाद झालाय, प्लीज कोणीतरी सांगा.

मावशी म्हणतात डावा गाल आपला वाटतच नाही, जेवताना घास त्या बाजूला राहून जातो आणि कळत पण नाही. डोळे मिटायला सांगून कापसाने तपासलं तर कपाळ, गाल आणि हनुवटी तिन्हीकडे डावीकडे कमी लागतं, पिनने पण तसंच, पण जबड्याच्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंना सारखं. दात घट्ट आवळा म्हटलं तर उजवा मॅसेटर (गालातला चावायचा स्नायू) टणक होतो, डावा मऊच राहतो. तोंड उघडलं की जबडा डावीकडे सरकतो. जॉ जर्क (हनुवटीवर ठोकल्यावर जबडा झटक्याने मिटणे) मिळालाच नाही. आणि सरांनी कॉर्नियल करून दाखवला तेव्हा डाव्या कॉर्नियाला कापूस लागला तर एकही डोळा मिटला नाही, उजव्याला लागला तर दोन्ही मिटले.

मैत्रीण म्हणते डावा डोळा मिटला नाही आणि घास गालात अडकतो म्हणजे सातवी (चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नर्व्ह) गेलीय. मला पटत नाही कारण मावशी डोळे घट्ट मिटतात, हसल्या तरी चेहरा सरळ असतो. दुसरं म्हणजे जबडा कमजोर बाजूला का जातो? चांगला स्नायू आपल्याकडे ओढेल ना? राउंडला विचारणारच आहेत आणि मला हे पाठ करायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

प्रतिसाद (मेडिसिन रेसिडेंट):
तुझं बरोबर आहे, पाचवीच आहे. कॉर्नियलमध्ये स्पर्श पाचवीच्या पहिल्या, म्हणजे ऑफ्थॅल्मिक शाखेतून आत जातो आणि डोळे मिटायची ऑर्डर दोन्ही बाजूंच्या सातवीतून बाहेर येते, म्हणून नेहमी दोन्ही डोळ्यांकडे बघायचं, फक्त कापूस लावलेल्या डोळ्याकडे नाही. डावी पाचवी गेली तर डावीकडे लावल्यावर दोन्ही डोळे गप्प, उजवीकडे लावल्यावर दोन्ही मिटणार, मावशींचं अगदी हेच आहे. डावी सातवी गेली असती तर कुठल्याही बाजूला लावलंस तरी उजवा मिटला असता आणि डावा उघडाच राहिला असता.

घास अडकण्याचं म्हणशील तर तो सातवीमुळे पण अडकतो, बक्सिनेटर (गालाचा स्नायू) सातवीचा आहे म्हणून. पण गाल आतून बधिर असला तरी घास तिथे आहे हेच कळत नाही. नुसत्या त्या तक्रारीवर ठरवू नका.

जबड्याचं सोपं आहे. लॅटरल टेरिगॉइड (तोंड उघडायला मदत करणारा, पाचवीचाच स्नायू) जबडा आपल्या बाजूला ओढत नाही, पुढे आणि विरुद्ध बाजूला ढकलतो. उजवा चांगला आहे तो डावीकडे ढकलतोय आणि डावीकडून अडवणारं कोणी नाही. जॉ जर्क कित्येक नॉर्मल माणसांत मिळत नाही त्यामुळे नसण्याला फार अर्थ नाही, उलट खूप ब्रिस्क मिळाला तर पॉन्सच्या (मेंदूच्या खोडाचा मधला भाग) वर दोन्हीकडे अप्पर मोटर न्यूरॉनचा (मेंदूतून खाली येणाऱ्या हालचालीच्या मार्गाचा) प्रॉब्लेम आहे का बघायचं.

जबड्याचा कोपरा तपासलास हे फार चांगलं केलंस. तो भाग पाचवीचा नाही, मानेतल्या सी २ आणि सी ३ वरून येणाऱ्या ग्रेट ऑरिक्युलर नर्व्हचा आहे. पाचवीच्या खऱ्या लीजनमध्ये (इजेत) तो वाचतो. वर कपाळावर थांबू नकोस, केसांत टाळूपर्यंत जा, कारण पहिली शाखा तिथपर्यंत जाते. बधिरपणा बरोबर केसांच्या रेषेवर थांबत असेल तर तो पाचवीच्या हद्दीत बसत नाही, मग वेगळा विचार करावा लागतो. आणि डावीकडचं ऐकू येणं तपासलं का??

प्रतिसाद (डेंटिस्ट):
एक भर घालतो. जबडा सरकतोय का हे ओठांवरून बघू नका, चेहऱ्याच्या एका बाजूला विकनेस असेल तर ओठ फसवतात. वरच्या आणि खालच्या पुढच्या दोन दातांमधली फट एका रेषेत आहे का ते बघा आणि तोंड हळूहळू उघडायला लावा. जबड्याच्या सांध्याचं दुखणं असेल तरी जबडा सरकतो, त्यामुळे कानापुढे बोट ठेवून दुखतं का, कट् असं होतं का तेही विचारा.

(मूळ प्रश्नकर्ती)
खूप खूप धन्यवाद दोघांनाही! ऐकण्याचं विचारलं तर मावशी म्हणाल्या की फोन आता उजव्याच कानाला लावते, डावीकडून नीट कळत नाही. ट्यूनिंग फोर्कने वेबर उजवीकडे जातोय आणि डावीकडे रिने पॉझिटिव्ह आहे, म्हणजे डावीकडे नर्व्हचा बहिरेपणा. सरांना सांगितलं, एमआरआय लिहिलाय. अजून एक, त्या डाव्या डोळ्यासाठी काही करायला हवं का? घरी चुलीवर स्वयंपाक असतो त्यांचा.

प्रतिसाद (मेडिसिन रेसिडेंट):
मग सीपी अँगल (सेरेबेलम आणि पॉन्समधला कोपरा, या नर्व्ह तिथे जवळजवळ असतात) डोक्यात ठेवूनच एमआरआय बघा, पाचवी आणि आठवी (ऐकण्याची) एकाच बाजूला म्हटल्यावर. आणि डोळ्याचं आजच करा. बधिर कॉर्नियात कण गेला तरी खुपत नाही, दुखत नाही म्हणून माणूस चोळत राहतो आणि अल्सर होतो. ऑफ्थॅल्मला (डोळ्यांच्या विभागाला) रेफरन्स पाठवा, लुब्रिकंट ड्रॉप्स तेच सुरू करतील. मावशींना सांग की रोज आरशात डोळा लाल आहे का बघायचा, लाल दिसला तर दुखत नसला तरी लगेच यायचं, आणि धुरात बसताना चष्मा घालायचा. उगाच पुन्हा पुन्हा कॉर्नियल करू देऊ नका, प्रॅक्टिस म्हणून प्रत्येक बॅच त्याच डोळ्याला कापूस लावत बसते.