सासूबाईंच्या परकरावर रक्ताचे डाग, गायनॅककडे न्यावं की युरॉलॉजिस्टकडे?

कळव्याची सून:
सासूबाई ७१ वर्षांच्या, पाळी जाऊन वीसेक वर्षं झाली. परकर धुवायला टाकताना मागे फिकट लाल डाग दिसले. विचारलं तर म्हणाल्या, "मूळव्याध असेल, तू नको लक्ष घालूस." मग कमोडच्या पाण्यालाही गुलाबी झाक दिसली. जवळच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, लाल पेशी आल्या. कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) न करताच अँटिबायोटिक दिलं. थांबलं, परत सुरू. दुखत काहीच नाही. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, नणंदेच्या मते त्यानेच होतंय. रक्त नक्की कुठून येतंय तेच कळत नाही.

वाशीकर:
उष्णता असेल. धने-जिऱ्याचं पाणी द्या.

निवृत्त सिस्टर, ऐरोली:
धने-जिरे आमटीत घाला हो! पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासणी करायचीच.

लघवीच्या रिपोर्टवर जाऊ नका. अंगावरून जाणारं रक्त बाटलीत पडलं तरी लाल पेशी येतातच. घरी एवढं करून बघा: जागा धुऊन, टिपून, योनीच्या तोंडाशी कापूस धरायचा आणि पांढऱ्या डब्यात लघवी करायची. डब्यात लाल दिसलं तर लघवीतून, कापसावर डाग तर बहुतेक गर्भपिशवीच्या वाटेने. शौचानंतर वेगळा कापूस टिपून बघा, मूळव्याधीचाही निकाल लागेल. नाही कळलं तरी अडत नाही, आधी गायनॅककडे न्या. तपासताना दोन्ही जागा दिसतात.

त्या आतून सोनोग्राफी सांगतील. पिशवीचं अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर बहुधा काळजी नसते. जाड असेल, किंवा पातळ असूनही रक्त परत परत येत असेल, तर बारीक नळीने अस्तराचा तुकडा काढतात. बऱ्याचदा ओपीडीतच होतं. दहातल्या नऊ जणींना कॅन्सर नसतो. कोरडेपणा, पॉलिप (अस्तरावरचा मऊ कोंब) असलं काहीतरी निघतं. पण दहावी कोण, हे कपाळ बघून कळत नाही. आणि लवकर सापडला तर हा कॅन्सर बरा होणाऱ्यांतला आहे.

कोपरखैरणेवाली:
माझ्या आईचं असंच होतं. लघवीच्या भोकाशीच मसुराएवढा लाल कोंब निघाला, कॅरंकल म्हणतात त्याला. पुसताना घासून रक्त यायचं. मलमावर भागलं. तरी डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावलीच.

कळव्याची सून:
कापसावर काही नाही, डब्यात मात्र लाल आलं. मग गायनॅक कशाला? आणि त्या गोळ्या दोन दिवस बंद ठेवू का? शिवाय पुरुष डॉक्टर त्यांना चालणार नाही.

निवृत्त सिस्टर, ऐरोली:
गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, अँजिओप्लास्टीत बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, बुजला तर भलतंच होऊन बसेल. हार्टच्या डॉक्टरांना विचारा. त्या गोळ्यांनी रक्त जास्त वाहतं, पण मुळात ते येतंय कुठून हे शोधावंच लागतं.

आता युरॉलॉजिस्ट हवाच. न दुखता लाल लघवी म्हणजे सोनोग्राफी, लघवीची पेशीतपासणी आणि मूत्राशयात दुर्बीण. बाईच्या लघवीत रक्त दिसलं की इन्फेक्शन धरून गोळ्या देतात आणि गाठ मागे राहून जाते, हे मी वॉर्डात पाहिलंय. गायनॅकलाही दाखवा, एका दिवसाच्या कापसावर पिशवीचा विषय मिटत नाही.

बाई डॉक्टर मिळाल्या तर उत्तमच. नाहीतर सांगा, तपासताना नर्स शेजारी उभी असते, वरून चादर असते. तुम्ही आत जा, मुलाला बाहेर बसवा. मुलगा समोर असला की या बायका "काही होत नाही" म्हणतात.