‘फ्रॉम झीरो’ म्हणजे झेरॉक्स? मग आपल्याला हवं तरी काय होतं?

काळी_दोन
काल एका ग्रुपवर एकाने टाकलं: “लिंकिन पार्क ह्या अमेरिकन रॉक बँडचा नवा अल्बम ‘फ्रॉम झीरो’ नाही, ‘फ्रॉम झेरॉक्स’ आहे. जुन्याच गाण्यांच्या प्रती काढल्यात, आणि मूळ कागदावर सही करणारा माणूस आता नाही.” खाली धडाधड अंगठे. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे नीट लिहितोय.

2007 मध्ये त्यांचा ‘मिनिट्स टू मिडनाइट’ आला तेव्हा हीच मंडळी बोंबलत होती, रॅप कुठे गेलं, डीजे जो हानचं स्क्रॅचिंग कुठे गेलं. 2010 मध्ये ‘अ थाउजंड सन्स’ आला. त्यात अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरच्या आवाजात गीतेतला ‘मी काळ आहे’ हा भाग येतो, अंगावर काटा येतो ऐकताना. आमच्या हॉस्टेलवर त्या अल्बमबद्दल एकच मत होतं: गिटार नाही, डिलीट कर. 2017 च्या मे महिन्यात ‘वन मोर लाइट’ आला, तर म्हणे पॉप झाले, विकले गेले. दोन महिन्यांत, 20 जुलैला, गायक चेस्टर बेनिंग्टन गेला आणि आदल्या आठवड्यापर्यंत शिव्या घालणाऱ्यांनी डीपी काळे केले.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये, साडेसात वर्षांनी, नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग घेऊन अल्बम आला, थोडा जुन्या वळणाचा, तर म्हणे नक्कल. बदलले तरी शिव्या, नाही बदलले तरी शिव्या. ‘टू फेस्ड’ ऐकताना जुनं ‘वन स्टेप क्लोजर’ आठवतं, कबूल. पण ‘कॅज्युअल्टी’मध्ये माइक शिनोदा ज्या तऱ्हेने घसा फाडून ओरडतो, तसा तो आधीच्या कुठल्या अल्बमवर ओरडलाय? एक गाणं दाखवा.

डबल_पेडल
आधी अल्बमबद्दल बोलू, भक्तांच्या पापांचा हिशेब नंतर. ‘कट द ब्रिज’ लावा, पहिले दहा सेकंद ड्रम्स ऐका, लगेच जुनं ‘ब्लीड इट आउट’ लावा. मग ‘हेवी इज द क्राउन’ आणि जुनं ‘फेंट’. आठवण येणं वेगळं आणि आठवण यावी म्हणून गाणं बांधणं वेगळं. अकरा ट्रॅक, त्यातला पहिला नुसती सुरुवात, सगळं मिळून बत्तीस मिनिटं. सात वर्षांत बत्तीस मिनिटं, आणि त्यातही हा ओळखीचा माल!

मी अकरा वर्षं ड्रम्स वाजवतोय. थर्ड इयरला एका कॉलेजच्या फेस्टमध्ये आम्ही ‘फेंट’ वाजवलं, एक ठोका इकडचा तिकडे नाही. परीक्षकांनी माइकवर सगळ्यांसमोर विचारलं, “छान, पण ह्यात तुमचं काय?” स्टेजवर गप्प उभा राहिलो, घामाने काठ्या हातातून निसटत होत्या. पुढचे दोन महिने आम्ही कव्हर वाजवलं नाही. वाकडीतिकडी का होईना, स्वतःची चार गाणी केली. पुण्यातल्या पोरांना जो नियम, तो लॉस एंजेलिसच्या बँडला का नाही?

आणि जुना ड्रमर रॉब बोर्डन बँडमध्ये परत आला नाही, ह्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. गायिका नवी म्हणून महिनाभर चर्चा, ड्रमर बदलला त्याची दखल नाही. ड्रमर म्हणजे काय पंखा आहे, बंद पडला की दुसरा लावायचा?

रात्रपाळी
चेस्टर गेल्याची बातमी आली तेव्हा मी हिंजवडीत नाइट शिफ्टला होते. बाजूच्या क्युबिकलमधल्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली, बोलला काहीच नाही. पहाटे कॅबमध्ये ड्रायव्हरकाकांनी भक्तिगीतं लावली होती. त्यांना म्हटलं, काका, आजच्या दिवस माझं लावू का? त्यांनी वायर माझ्या हातात दिली. घर येईपर्यंत ‘क्रॉलिंग’ लूपवर होतं आणि काकांनी एकदाही आवाज कमी करायला सांगितलं नाही.

बारावीनंतरचं माझं एक वर्ष असं गेलंय की त्याबद्दल मी घरीसुद्धा बोलत नाही. तेव्हा त्या आवाजाने मला धरून ठेवलं. एमिली आर्मस्ट्राँग वाईट गाते असं मी म्हणत नाही. पण तिच्या तोंडून चेस्टरची गाणी ऐकवत नाहीत. बँडचं नाव बदलायला हवं होतं. एवढी लाज राखायला हवी होती.

काळी_दोन
@रात्रपाळी, तुमच्या त्या पहाटेबद्दल मी वाद घालणार नाही. पण नावाचं बोलताय म्हणून सांगतो. ह्या बँडचं पहिलं नाव ‘झीरो’च होतं, इंग्रजी एक्सने लिहिलेलं. गायक होता मार्क वेकफील्ड. चेस्टर 1999 मध्ये आला, तोही ‘ग्रे डेझ’ ह्या दुसऱ्या बँडमधून. ‘हायब्रिड थिअरी’ ह्या पहिल्या अल्बममधल्या काही गाण्यांच्या श्रेयात वेकफील्डचं नाव आजही आहे. म्हणजे आपला चेस्टरसुद्धा दुसराच गायक. तेव्हा कोणी लाज काढली नाही.

डबल_पेडल
वेकफील्ड होता तेव्हा बँडला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. ही तुलना शोभत नाही तुला.

मिरजकर
मी वयाने तुमच्यापेक्षा बराच मोठा. मुलामुळे हा बँड ऐकायला लागलो आणि आवडला. तुम्ही नक्कल आणि परंपरा ह्यांची गल्लत करताय असं वाटतं, म्हणून लिहितो.

अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेचे. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांकडे भीमसेन जोशी शिकले, गंगूबाई हनगल शिकल्या, फिरोज दस्तूर शिकले. गुरू एक, घराणं एक, पण तिघांच्या तीन ध्वनिमुद्रिका एकापाठोपाठ ऐका. गंगूबाईंचा तो भरदार, खालचा आवाज कुठे आणि दस्तुरांचा नाजूक लगाव कुठे! खाँसाहेबांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ठुमरी तबकडीवर ऐकून भीमसेन लहानपणी घरातून पळाले. पुढे तीच ठुमरी ते स्वतः गायले. त्याला कोणी झेरॉक्स म्हणालं का? चाल तीच, वळणं ओळखीची, तरी माणूस वेगळा कळतो. ह्या एमिलीचंही तसंच बघा. ‘ओव्हर ईच अदर’ ती जवळजवळ एकटीने पेललंय.

डबल_पेडल
काका, आदर ठेवून सांगतो, हे चूक आहे. भीमसेनजींनी ‘अब्दुल करीम खाँ’ ह्या नावाने तिकिटं विकली नाहीत. स्वतःच्या नावावर गायले. शिवाय घराण्यात गुरूच्या घरी राहून, पाणी भरून, वर्षानुवर्षं एकच सूर घोटावा लागतो. एमिली कोणाच्या घरी पाणी भरायला गेली होती?

मिरजकर
बँडचं नाव चेस्टर कुठे होतं? ते सहा जणांचं मिळून नाव. त्यातले शिनोदा, हान, डेल्सन आणि फॅरेल आजही आहेत. आणि घराणं पुरत नसेल तर नाटक मंडळी घ्या. किर्लोस्कर मंडळीचे गायक-नट भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये गेले. त्यांच्या नावावर थिएटर भरायचं, लोक त्यांच्या गाण्यासाठी यायचे. मंडळीने पाटी उतरवली नाही. 1905 मध्ये एक नवा पोरगा शकुंतला म्हणून उभा केला. तो बालगंधर्व. मंडळीने तेव्हा नाव बदलून दुकान बंद केलं असतं तर आपण कशाला मुकलो असतो, ह्याचा विचार करा.

डबल_पेडल
म्हणजे आता एमिली बालगंधर्व? बास झालं. मूळ प्रश्न होता की अल्बममध्ये नवं काय. धागा मिरजेहून किर्लोस्करवाडीला पोचला आणि ‘कट द ब्रिज’वर अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.

मिरजकर
किर्लोस्करवाडी कारखान्यामुळे वसली, नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर वेगळे. माहिती नसेल तर निदान टोमणा नीट मारावा. आणि ‘बास झालं’ ही भाषा घरी वापरा.

रात्रपाळी
काका, चिडू नका, पण तुमच्या नाटकाच्या उदाहरणातच माझा मुद्दा आहे. शकुंतला हे लिहिलेलं पात्र आहे. आज एक नट करेल, उद्या दुसरा. चेस्टर कुठलं पात्र करत नव्हता. लहानपणी त्याच्यावर झालेले अत्याचार, त्याचं व्यसन, हे सगळं त्याने मुलाखतींत स्वतः सांगितलंय. ‘क्रॉलिंग’ त्यातूनच आलंय. स्वतःच्या अंगावरची जखम तो दाखवत होता. ती भूमिका म्हणून दुसऱ्याच्या हातात कशी देणार? ‘फ्रॉम झीरो’च्या दौऱ्यात एमिलीने ‘क्रॉलिंग’ गायलंय. तो व्हिडिओ मी अर्ध्यात बंद केला, पुढे बघवेना.

काळी_दोन
ह्यावर मी बराच वेळ काही लिहिलं नाही, कारण उत्तर नव्हतं.

माझ्याकडे ‘हायब्रिड थिअरी’ची राइट केलेली सीडी होती. मावसभावाने निळ्या मार्करने नाव लिहिलेली, कडेला ओरखडा. पाचवं गाणं ‘क्रॉलिंग’. साधारण दीड मिनिटाला ते अडकायचं आणि चेस्टरचा एकच शब्द आठ-दहा वेळा तुटत राहायचा. मी प्लेअरच्या झाकणावर टिचकी मारायचो, मग पुढे सरकायचं. आज फोनवर स्वच्छ वाजतं, तरी त्या जागी माझं बोट उठतं. ते गाणं दुसऱ्याच्या आवाजात मलाही नको आहे. तुमचं हे म्हणणं मान्य. बँडने तेवढं एक गाणं ठेवून द्यावं.

पण ही तक्रार दौऱ्याबद्दल झाली. ‘फ्रॉम झीरो’मध्ये चेस्टरचं एकही गाणं नाही. ही गाणी एमिली असताना, तिच्या गळ्यासाठी बांधली आहेत. त्यांना उसनी का म्हणायचं? @डबल_पेडल, ‘कट द ब्रिज’चा ठोका ओळखीचा आहे, त्यावर माझ्याकडे खरंच बचाव नाही. तू ‘ओव्हरफ्लो’ ऐकलंस का? फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोनवर.

डबल_पेडल
ऐकलं. तीनदा. त्याला जुनी जोडी सापडत नाही. एमिलीचा आवाज जिथे मागे मागे जातो आणि खालून बास वर येतो, तिथे मी काठ्या बाजूला ठेवून नुसता बसलो होतो. एक गाणं तुझं.

‘कट द ब्रिज’बद्दलचा शब्द मागे घेत नाही. रॉबबद्दलचाही नाही. आणि मिरजकर काका, किर्लोस्करवाडीचं माझं चुकलं. माफ करा.

मिरजकर
माफ केलं. आता दस्तुरांची ‘गोपाला मेरी करुणा’ ऐका आणि मग खाँसाहेबांची. ह्याच क्रमाने. उलट नको.