चौदा तासांचं विमान, जाड काड्यांचा चष्मा आणि हेडफोन

चष्मिस:
पुढच्या महिन्यात सलग चौदा तासांचा प्रवास आहे. मागच्या वेळी दिराचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन मागून नेले होते. पहिला तास स्वर्ग. चौथ्या तासाला कानामागे, चष्म्याची काडी टेकते बरोबर तिथे, कुणीतरी बोटाने दाबून धरल्यासारखं ठणकायला लागलं. काढून मांडीवर ठेवले ते उतरेपर्यंत मांडीवरच. शिवाय मागच्या रांगेतलं बाळ हेडफोन घातल्यावर उलट जास्तच स्पष्ट ऐकू यायला लागलं. हे माझ्या मनाचे खेळ, की खरंच असं होतं?

आता स्वतःचे घ्यायचेत. चार दिवस वाचतेय आणि डोकं भंजाळलंय, जिथे तिथे डेसिबलचे तक्ते. मला घरघर थांबायला हवी, चष्मा घालून एखादा सिनेमा बघता यायला हवा आणि जमलं तर तीन-चार तास झोप. गाण्याच्या दर्जाचं फारसं पडलेलं नाही, कान तेवढे तयार नाहीत. कानावरचे मोठे घेऊ की कानात घालायचे बड्स?

इंजिनरूम:
मनाचे खेळ नाहीत, ताई. बाळ खरंच जास्त ऐकू येतं.

मी जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो. जहाज जिथे बंद पडेल तिथे विमानाने जायचं, त्यामुळे वर्षातली बरीच झोप सीटवर बसूनच होते. विमानाची घरघर म्हणजे तंबोरा समजा. खर्जातला एकच सूर, तासन्‌तास. हेडफोनचा माइक तो पकडतो आणि आतून बरोबर उलटी लहर सोडतो, दोन्ही मिळून जवळपास शून्य. खर्जाची लहर लांब असते, म्हणून उलटी लहर वेळेवर पोचते. बाळाचं रडणं वरच्या पट्टीतलं. तिथे लहर इतकी आखूड, की किंचित उशीर झाला तरी गणित फसतं. साधारण हजार हर्ट्झच्या वरचं काम इलेक्ट्रॉनिक्सच्या हातचं फारसं नाही, ते कानाभोवतीच्या गादीने करायचं. आणि घरघरीचा पडदा गेला की मागे जे काही असेल ते उघडं पडतं. बाळ होतं तेवढंच रडत होतं.

तुमचा खरा घोटाळा चष्मा आहे. डेसिबलचे तक्ते बहुधा चष्मा नसलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर मोजलेले असतात. जाड काडीने गादी उचलली गेली की तिथे फट पडते, आणि फटीतून सगळ्यात आधी खर्जच आत शिरतो. म्हणजे हेडफोनचं जे मुख्य काम, त्यालाच भोक. इंजिनरूममध्ये आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. तिथे आम्ही इअरमफ आणि सेफ्टी चष्मा एकत्र घालतो, त्यामुळे ही फट माझ्या ओळखीची आहे.

घेण्याआधी एक करा. तुमचा रोजचा चष्मा घालून, हेडफोन चढवून, चालू एक्झॉस्ट फॅनखाली उभ्या राहा. गाणं लावू नका. कॅन्सलिंग चालू करा, घरघर गेली की काडी जिथून जाते तिथे गादी करंगळीने हलकी आत दाबा. दाबल्यावर आवाज आणखी कमी झाला तर गादी तुमच्या चष्म्यावर नीट बसत नाहीये. फरक पडला नाही तर ठीक. मग तसेच तासभर घालून बसा. दुकानातली पाच मिनिटं सगळ्यांनाच आवडतात, काडीचं दुखणं उशिरा सुरू होतं.

गादी मऊ आणि खोल हवी, पकड ढिली नसली तरी चिमट्यासारखीही नको. वजनही बघा. सोनीचे एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचे, ॲपलचे एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास. हातात धरून फरक जाणवत नाही, नवव्या तासाला मानेला जाणवतो. बोसच्या क्वाएटकम्फर्ट मालिकेची पकड माझ्या डोक्याला मानवते, तुमच्या डोक्याचं मी काय सांगणार.

(जाता जाता: हा सगळा उद्योग विमानातच सुचलेला आहे. १९७८ साली बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बोस्टनला जात होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये घरघरीपुढे गाणं धड ऐकू येईना, म्हणून त्यांनी तिथेच बसून आकडेमोड सुरू केली. वैमानिकांसाठीचा पहिला नॉइज कॅन्सलिंग हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं.)

कूस_बदलू:
झोपायचंय ना? मग बड्स. मोठे हेडफोन घालून खिडकीला डोकं टेकून बघा, एक कप सरकतो आणि सगळी घरघर परत. मानेभोवतीची उशीही कप वर ढकलते. बड्सना चष्म्याशी काही देणंघेणं नाही.

तोटा बॅटरीचा. कॅन्सलिंग चालू ठेवून बहुतेक बड्स सहा-आठ तास चालतात, मग डबीत. मी झोपताना एकच घालते, दुसरा डबीत चार्ज होतो, कूस बदलली की बड बदलते. आणि डबीतली रबरी टोकं तिन्ही मापांची घालून बघा. माझा डावा कान मध्यम आणि उजवा लहान निघाला, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

बड सीटच्या फटीत पडला तर सीट पुढेमागे अजिबात करू नका, क्रूला बोलवा. आत लिथियमची बॅटरी असते, चिरडली तर पेटू शकते.

चष्मिस:
इंजिनरूम दादा, फॅनची युक्ती आजच करते. अजून दोन शंका. कॅन्सलिंग चालू केलं की मला कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, विमान उतरताना बसतात तसं. त्याने कानाला काही होत नाही ना? आणि सीटसमोरच्या स्क्रीनला हे हेडफोन जोडायचे कसे? मागच्या वेळी दोन भोकं दिसली आणि मी नाद सोडला.

इंजिनरूम:
कानातला हवेचा दाब त्याने बदलत नाही. खर्ज एकदम गायब झाला की मेंदूची समजूत होते की पडद्याच्या दोन बाजूंचा दाब वेगळा झालाय. काहींना दोन दिवसांत सवय होते, काहींना कधीच होत नाही. तुम्हाला त्रास होत असेल तर कॅन्सलिंग कमी-जास्त करता येणारा हेडफोन बघा आणि मधल्या पायरीवर ठेवा. उतरताना दडे बसतात ते मात्र खऱ्या दाबाने, तिथे जांभई आणि गिळणं.

वायरवाला:
दोन भोकांसाठी दोन पिनांचा छोटा ॲडॅप्टर मिळतो. पूर्वी चांगल्या हेडफोनच्या डबीत तो यायचा, हल्ली बऱ्याचदा वेगळा घ्यावा लागतो. बऱ्याच नव्या विमानांत साधं एकच भोक असतं. दोन्हींची तयारी ठेवा आणि हेडफोनला वायर लागते का हे आधी बघा, बड्सना लागत नाही.

वायर नको असेल तर ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो. स्क्रीनच्या भोकात खोचायचा, हेडफोनशी जोडायचा. घरी एकदा जोडून बघा. मी पहिल्यांदा थेट विमानात, अंधारात, ते एवढंसं बटण दाबत बसलो आणि माझा ट्रान्समीटर शेजारच्या बाईंच्या बड्सना जोडला गेला. त्यांच्या कानात माझा मारामारीचा सिनेमा. ओठ आणि आवाज पुढेमागे होत असतील तर दोष ट्रान्समीटर-हेडफोनच्या जोडीचा असतो, स्क्रीनचा नाही.

आणखी एक. काही हेडफोन चार्जिंगला लावले की बंदच होतात. तीस तासांची बॅटरी असेल तर फरक पडत नाही, पण निघायच्या आदल्या रात्री चार्ज करायला विसरणाऱ्यांनी हे बघून घ्यावं. म्हणजे मी.

फुकटे_कान:
एवढा खटाटोप कशाला? फोमचे इअरप्लग. संपला विषय.

इंजिनरूम:
तुमचं निम्मं बरोबर आहे. फोम उंच आवाज फार छान अडवतो, बाळाला तोच उतारा. पण निम्मे लोक तो कानाच्या दारात अडकवून ठेवतात. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा, फुगेपर्यंत. विमान खाली यायला लागलं की हळू फिरवत काढायचे, नाहीतर दडे सुटत नाहीत.

मी झोपताना फोम घालतो आणि त्यावर हेडफोन, गाणं बंद, कॅन्सलिंग चालू. खर्ज हेडफोन खातो, वरचं फोम. फक्त शेजाऱ्याला सांगून ठेवतो, जेवण आलं तर हलवा.

चष्मिस:
करून आले. दिराचेच हेडफोन परत मागितले. फॅनखाली उभी राहून करंगळीने दाबलं आणि फॅन जवळजवळ नाहीसा झाला! म्हणजे मागच्या वेळी ते हेडफोन माझ्या डोक्यावर धड बसलेच नव्हते. मग कपाटातून जुना चष्मा काढला, बारीक तारेच्या काड्यांचा. तो घातला तर दाबायची गरजच उरली नाही, आणि दीड तास घातला तरी दुखलं नाही.

तर नवीन घेणं तूर्त रद्द. दीर म्हणाले, न्या. बड्स तेवढे घेते झोपेसाठी, आणि दोन पिनांचा तो ॲडॅप्टर. जुन्या चष्म्याचा नंबर पाव-अर्ध्याने कमी आहे, पण हातभर अंतरावरच्या स्क्रीनला पुरतो.

वायरवाला:
तो चष्मा हँडबॅगेतच ठेवा. माझा एकदा चेक-इनच्या बॅगेत गेला होता.