जळक्या फेरारीचे १८.७५ लाख डॉलर: गाडीचे की नंबराचे?

चौथा_गिअर
ऑगस्ट २०२३, मॉन्टेरे, आरएम सदबीजचा लिलाव. १९५४ ची फेरारी ५०० मोंडियाल ही शर्यतीची गाडी, चॅसिसचा (नळ्यांच्या सांगाड्याचा) नंबर ०४०६ एमडी, इटलीच्या पिनिन फारिना कंपनीने बॉडी केलेल्या १३ स्पायडरपैकी (उघड्या टपाच्या गाड्यांपैकी) दुसरी. साठच्या दशकात अपघातात जळाली आणि तशीच पडून राहिली. लिलावात आला तो वितळून चुरगळलेल्या पत्र्याचा आणि गंजलेल्या नळ्यांचा ढीग. सोबत मूळ नंबरचा गिअरबॉक्स आणि तीन लिटरचं टिपो ११९ इंजिन. मूळ गाडीत इंजिन होतं दोन लिटरचं, म्हणजे तेही तिचं नव्हे.

माझं मत: ही गाडीची विक्री नव्हेच. एका नळीवर पंच केलेला नंबर आणि त्यामागचे कागद विकले गेले. यातून जी उभी राहील ती नक्कल, फक्त खरं नाव लावायची परवानगी असलेली. मूळ धातू किती उरलाय हे कॅटलॉगमध्ये भागाभागाने छापायची सक्ती हवी.

टॅपेट
असहमत. आधी आकडा नीट वाचा. बोली १७ लाखांवर थांबली. पहिल्या अडीच लाखांवर १२ टक्के म्हणजे ३०,००० आणि उरलेल्या साडेचौदा लाखांवर १० टक्के म्हणजे १,४५,००० कमिशन, म्हणून १८.७५. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून बोली लावली, ढिगाचे फोटो जगभर फिरत होते. फसवणूक कुठे आहे यात?

आणि नक्कल कशाला म्हणायचं हे लंडनच्या कोर्टाने १९९० मध्येच तपासलंय. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’, १९२९ आणि १९३० ची ल मान्स ही फ्रान्समधली २४ तासांची शर्यत जिंकलेली स्पीड सिक्स. विकत घेणाऱ्यांनी पैसे द्यायला नकार दिला, कारण १९२९ चं तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं. न्यायमूर्ती ऑटन यांचा निकाल असा की भाग बदलत गेले, पण गाडीचा इतिहास सलग आहे, मध्ये तुटलेला नाही. तेव्हा हीच ती गाडी.

चौथा_गिअर
बेंटलीचा दाखला इथे लागू नाही. तिचे भाग ती पळत असताना बदलले, शर्यतीच्या गरजेने. ही साठएक वर्षं निपचित पडली होती. सलग काय होतं? गंज?

कावळा_नाका
दोघेही कोर्टात शिरलात, जरा वर्कशॉपमध्ये या. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पत्रा वितळला म्हणजे शेजारच्या स्टीलच्या नळ्यांनीही तेवढी आच खाल्ली, त्यांचा कडकपणा गेला. शिवाय त्या आतून सडतात. वरून सँडब्लास्ट करून चकचकीत दिसणारी नळी आत कागदासारखी असू शकते. म्हणून अल्ट्रासोनिक गेजने हातभर अंतरावर नव्हे, दर दोन-तीन सेंटिमीटरला जाडी मोजायची, आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर चुंबकीय कणांची चाचणी घ्यायची. पातळ भाग कापून नवा तुकडा घालावा लागतो. असं करता करता चॅसिसचा बराच भाग नवा होतो.

खरी भानगड पुढे आहे. काही जण नंबरवाला तुकडा तेवढा कापून नव्या चॅसिसमध्ये बसवतात. उरलेल्या नळ्या दुसऱ्याकडे जातात, तोही गाडी उभारतो. झाल्या एका नंबराच्या दोन गाड्या! फेरारीचीच ३७५ प्लस, चॅसिस ०३८४ एएम आठवा. सांगाडा अमेरिकेत ओहायोतून चोरीला गेला, बेल्जियममध्ये गाडी उभी राहिली, काही मूळ भाग मात्र ओहायोतच राहिले. २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये गुडवूडच्या लिलावात एक कोटी पौंडांवर विकली गेली आणि लगेच कोर्टकज्जे सुरू.

टॅपेट
ते मालकीचं भांडण, अस्सलपणाचं नाही. पण मुद्दा घेतो: कागद आधी, धातू नंतर.

भंगार_बाजार
आपल्याकडे मोंडियाल आणली तर? २०२१ च्या विंटेज नियमांत पन्नास वर्षांची अट आहे, शिवाय चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घ्यायला २०,००० रुपये भरायची तयारी ठेवा, पण ही नव्याने उभी केलेली गाडी त्या व्याख्येत बसवताना घाम फुटेल. आपला नियम चौथा_गिअर यांच्या बाजूचा दिसतोय.

टॅपेट
नियमाने रोज वापरायलाही बंदी आहे राव, मग काय उपयोग! गंमत सोडा. फेरारीचा स्वतःचा क्लासिके हा जुन्या गाड्यांचा विभाग जुन्या ड्रॉइंगवरून इंजिनचा ब्लॉक पुन्हा ओतून देतो आणि गाडीला प्रमाणपत्रही देतो. कारखाना मान्य करत असेल तर आपण कोण?

चौथा_गिअर
कारखान्याला त्याचे पैसे मिळतात, तो निवाडा करणारा त्रयस्थ नव्हे. फ्रान्समधल्या बायों संग्रहातली फेरारीची कॅलिफोर्निया स्पायडर २०१५ मध्ये पॅरिसला धुळीसकट १.६३ कोटी युरोला गेली. लोक पैसे मोजतात ते न बदललेल्या वस्तूचे.

कावळा_नाका
तिचं इंजिन जागेवर होतं, पत्रा शाबूत होता. तुलना चुकतेय.

बोली लावणाऱ्याने नंबराभोवतीची जाडी आवर्जून मोजावी. जुना नंबर घासून नवा पंच केला असेल तर तिथेच भिंत पातळ लागते. स्टीलमध्ये दाबलेल्या आकड्याची खूण पृष्ठभागाखाली राहते, ती मॅग्नेटो-ऑप्टिकल फिल्मने (धातूतला चुंबकीय फरक डोळ्यांना दाखवणाऱ्या पट्टीने) दिसते. इंजिनचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, तिथे साधी चुंबकीय पद्धत चालत नाही. आम्ल लावून बघावं लागतं आणि लिलावाआधी विकणारा ते करू देत नाही. मग गिअरबॉक्सचा नंबर, इंजिनचा अंतर्गत नंबर आणि कारखान्याची बिल्ड शीट (गाडी बनवतानाची नोंद) ताडून पाहायची. यातलं काही दाखवायला नकार मिळाला, तर हात खाली.