कायम नोकरी सोडून मुदतीची नोकरी स्वीकारावी का?

प्रश्न: मी मेकॅनिकल डिप्लोमाधारक असून नाशिकच्या अंबड एमआयडीसीतील एका कारखान्यात क्वालिटी विभागात कायम कर्मचारी आहे, सीएमएमवर (सुट्या भागांची मापे अचूक मोजणाऱ्या यंत्रावर) मोजमाप घेणे हे माझे मुख्य काम. आमच्याकडे डिझेल इंजिनांचे सुटे भाग बनतात. ऑर्डरी घटल्याने ओव्हरटाइम बंद झाला असून नवी भरती फक्त ट्रेनी आणि कंत्राटी स्वरूपाची होते. सिन्नरच्या एका इलेक्ट्रिकल पॅनेल कंपनीने जास्त पगारावर दोन वर्षांच्या मुदतीची नोकरी देऊ केली आहे. ‘परमनंट सोडू नकोस’ असा घरच्यांचा आग्रह आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: मी मनुष्यबळ विभागात काम करतो. मुदतीची नोकरी आणि ठेकेदाराकडची नोकरी यांत लोक नेहमी गल्लत करतात, म्हणून नेमणूकपत्र थेट कंपनीचे आहे ना, हे आधी पाहावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार मुदतीवरील कर्मचाऱ्याला तेच काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याइतके वेतन व सवलती द्याव्या लागतात आणि ग्रॅच्युइटीचा हक्कही एका वर्षानंतर मिळतो. मात्र मुदत संपून नोकरी गेली तर ती कपात मानली जात नाही, त्यामुळे कपातीची भरपाई मागता येत नाही. घरच्यांची भीती अगदीच अनाठायी नाही.

उत्तर २: सातपूरला माझे छोटे मशीन शॉप आहे. ट्रॅक्टर आणि जनरेटर आहेत तोवर डिझेलचे काम एका रात्रीत संपणार नाही. पण ते वाढणारही नाही, असे माझे मत. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क १ए विमानाने उड्डाण केल्यापासून ‘आता भरतीच भरती’ असे जो तो सांगतो. विमानाच्या सुट्या भागांचे काम घ्यायचे तर पुरवठादाराकडे बहुधा एएस ९१०० हे विमान उद्योगातील गुणवत्तेचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि नमुने मंजूर होण्यातच बराच काळ जातो, हे मात्र कोणी सांगत नाही. तरीही तिथे अचूक मोजमाप करणारा माणूस लागतोच. याउलट पॅनेलचे काम म्हणजे प्रामुख्याने शीट मेटल, बसबार (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या), वायरिंग आणि टेस्टिंग. तिथे तुमचा सीएमएमवरचा हात राहणार नाही. तुम्हाला नेमके कोणते काम देणार आहेत?

प्रश्नकर्ता: पत्र कंपनीचेच आहे. काम पुरवठादारांच्या गुणवत्ता तपासणीचे आहे.

उत्तर २: मग मी जाण्याच्या बाजूने आहे. चार कारखाने आतून पाहायला मिळतील, ओळखी होतील, आणि पुढची नोकरी बहुतेकदा अशा ओळखीतूनच लागते. फक्त पुरवठादारांकडे जाण्यायेण्याचा खर्च कंपनी वेगळा देते की पगारातच धरला आहे, हे लेखी घ्या.